समुद्राकाठी टिकेल असा आरटीके रिसीव्हर कुठला? (आयपी६७ वाला पाणी प्यायला)

दंडवाला
नमस्कार मंडळी,
दापोली-गुहागर पट्ट्यात खासगी मोजणीची कामं करतो. बिनशेती प्लॉट, रिसॉर्टच्या लेव्हल, रस्त्याचे क्रॉस सेक्शन, मधूनच कोणाची कोळंबीची तळी. गेल्या जुलैत हर्णैच्या बाजूला काम चालू असताना आरटीकेचा रोव्हर (पोलवर घेऊन फिरायचा उपग्रह रिसीव्हर, एका जागी बसवलेल्या बेसकडून करेक्शन घेऊन सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारा) अचानक बंद पडला. सुकवून उघडला तर आत थेंब आणि बॅटरीच्या बाजूला बोर्डाचा कोपरा हिरवा झालेला. डब्यावर ठळक आयपी६७ (धूळ-पाण्याला टिकण्याचा दर्जा) छापलंय. विक्रेता म्हणतो, पाण्यात पाडला असणार. पाडलेला नाही हो. पोलवर होता, पावसात होता, बस.

आता नवीन घ्यायचाय. आयपी६८ घेतल्याने फरक पडेल का? ती आयएमयूवाली टिल्ट सोय (पोल कललेला असला तरी टोकाची जागा काढणारी) खरंच लागते का? आणि रेडिओसकट बेस-रोव्हर जोडी घ्यावी की नुसता रोव्हर घेऊन सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्सवर (नेटवरून करेक्शन देणारी कायमची स्टेशनं) भागवावं? अचूकतेचे आकडे सगळ्यांच्या पत्रकात सारखेच असतात, ८ मिमी अधिक १ पीपीएम (बेसपासून दर किलोमीटरला आणखी १ मिमी). त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. किनाऱ्यावर काम करणाऱ्यांचे अनुभव हवेत. बजेट विचारू नये, घरीही तेच विचारतात.

मालवणी_खटखटे
कोकणातल्या पावसात माणूस टिकणा नाय, आणि तू मशीन टिकवूक बघतंस?

पुणेकर_पण_नाइलाजाने
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सोल्डरवाला_चिपळूण
दंडवाला, विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: आयपी६७ची चाचणी कशी करतात? एक मीटर पाण्यात अर्धा तास. आणि त्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात पाच अंशांपेक्षा जास्त फरक चालत नाही, असं मानकातच लिहिलंय. म्हणजे प्रयोगशाळेतला डबा आणि प्रयोगशाळेतलं पाणी दोन्ही एकाच खोलीत बसून गार झालेले.

आता तुमच्या जागी काय होतं ते बघा. जुलैत मध्येच दोन तास ऊन पडतं. कातळावर उभा असलेला गडद रंगाचा डबा, आत बोर्ड आणि मोडेम तापलेले. आतली हवा ५५-६० अंशांवर जाते. मग समुद्रावरून सर येते आणि डबा काही मिनिटांत पंचवीसवर. आतली हवा आकसते, दाब सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. वातावरणाच्या दाबाचा दहावा हिस्सा म्हणजे एक मीटर पाण्याचा दाब. म्हणजे डबा पोलवर उभा असतानाच एक मीटर खोल बुडाल्यासारखा आहे, आणि सीलवर पावसाचं पाणी साचलेलं. सीलमध्ये केसाएवढी फट असली तरी ते पाणी ओढून घेतं. दिवसातून चार सरी आल्या की चार वेळा.

म्हणून चांगल्या रिसीव्हरला खालच्या बाजूला किंवा बॅटरीच्या कप्प्यात एक बारीक गोल चकती असते. आत पडदा असतो, तो हवा जाऊ देतो, पाणी नाही. दाब सारखा झाला की सीलवर ताण येत नाही. ती चकती मिठाने आणि धुळीने बुजली की खेळ संपला. तुमच्या मशीनची चकती शोधा आणि फोटो टाका.

दंडवाला
शोधली. तळाशी आहे. फोटो चढत नाहीये, पण सांगतो. तिच्यावर विक्रेत्याचा स्टिकर आहे. ‘वॉरंटी सील, काढल्यास जबाबदारी राहणार नाही.’

पुणेकर_पण_नाइलाजाने
हसून हसून पुरेवाट!!

सोल्डरवाला_चिपळूण
हे मी याआधीही बघितलंय. कुठे मालमत्ता क्रमांकाचा स्टिकर, कुठे ठेकेदाराच्या नावाची पट्टी. सपाट जागा दिसली की चिकटवतात. २०२१च्या पुरानंतर माझ्याकडे मशिनांचा ढीग आला होता, ती बुडलेलीच होती, त्यांचं सोडा. पण न बुडता आलेली जी येतात त्यात दोनच गोष्टी सापडतात: बुजलेला व्हेंट (तीच चकती), नाहीतर झाकणाच्या ओ-रिंगमध्ये (रबरी सील) काहीतरी अडकलेलं. एकात सोडणाचा एक तंतू निघाला. नारळाच्या बागेत बॅटरी बदलली असणार, झाकण लावताना तंतू रिंगवर राहिला. भिंगाखाली बघितलं तर रबरावर त्याचा ठसा स्पष्ट उमटलेला आणि त्या ठशाच्या दोन्ही बाजूंना मिठाची पांढरी रेघ. पाणी तिथूनच चालत आत गेलं.

गावठाण
मग आयपी६८? तो तर आणखी खोल चालतो ना?

खाडीकाठ
६८मध्ये खोली आणि वेळ कंपनी स्वतः ठरवते, फक्त ६७पेक्षा कडक हवी. त्यामुळे दोन कंपन्यांचे ६८ सारखे नसतात. आणि बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट: दुसरा आकडा ७ किंवा ८ असला म्हणजे ५ आणि ६ आपोआप येतात असं नाही. ५-६ म्हणजे पाण्याचा झोत. बुडण्याला टिकणारा डबा झोताला टिकेलच याची हमी नाही. वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस हा बुडण्यापेक्षा झोताच्याच जातीचा. म्हणून पत्रकात ‘आयपी६६/६७’ असं दोन्ही लिहिलंय का ते बघा. घरी येऊन मशीन गाडी धुवायच्या प्रेशर पाइपाखाली धरणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

आणि यातल्या एकाही आकड्यात मीठ नाही. साध्या पाण्याची चाचणी आहे ती. मिठाच्या धुक्याची चाचणी वेगळी असते, अमेरिकी लष्करी मानक ८१० मध्ये तिची पद्धत ५०९. ‘मिल स्टँडर्ड ८१०’ एवढंच छापलं तर त्याला अर्थ नाही, कारण त्यात पडणं, थरथर, उष्णता, धूळ अशा डझनावारी पद्धती आहेत. त्यातल्या कुठल्या केल्या ते विचारायचं.

नाना_मोजणीवाले
आमच्या वेळी शंकू साखळी होती. ३३ फूट, सोळा आणे. ना बॅटरी, ना सिम, ना व्हेंट. पावसाळा संपला की खोबरेल लावून टांगायची. फलक यंत्रावर कागद ताणून जागेवर नकाशा काढायचो. ते नकाशे अजून चालतायत.

गावठाण
नाना, चालतायत म्हणूनच आमच्या भावकीत अजून कोर्ट चालू आहे. 😀

नाना_मोजणीवाले
अरे बाबा, साखळी ताणली की लांब होते आणि उन्हात आणखी लांब होते, हे आम्हाला माहीत होतं. दर हंगामाला तपासून कड्या ठोकून घ्यायचो. तुम्ही तुमचं यंत्र किती वेळा तपासता? स्क्रीनवर हिरवं दिसलं की झालं.

खाडीकाठ
नानांशी सहमत. आणि हे विषयाला धरूनच आहे. रिसीव्हर उत्तम असून पोलचा बबल (पोल सरळ आहे का ते दाखवणारा बुडबुडा) बिघडलेला असतो. साधारण पोलवर ८ मिनिटांचा बबल असतो, दोन मीटर उंचीवर तो सुमारे पाच मिलिमीटर चूक देतो, तेवढं चालतं. पण पोल एकदा गाडीच्या टपावरून पडला आणि बबल एक अंशाने सरकला की साडेतीन सेंटिमीटर गेले. तिकडे तुम्ही ८ मिमीच्या रिसीव्हरसाठी लाखो रुपये मोजताय.

आंबेवाली
मी मोजणीवाली नाही, पण आमच्या बागेची मोजणी झाली तेव्हा छत्री धरून उभी होते म्हणून लिहिते. त्या मुलांनी मशीनवर प्लास्टिकची पिशवी बांधली होती. त्याने बिघडतं का काही?

सोल्डरवाला_चिपळूण
ताई, पातळ प्लास्टिक उपग्रहाच्या लहरींना अडवत नाही. पण पिशवीवर साचलेलं पाणी अडवतं, आणि पिशवीच्या आत दमट हवा कोंडते. ऊन आलं की आत वाफ, सर आली की थेंब. मशीन कोरडं ठेवायला बांधलेली पिशवी मशीन ओलं ठेवते. त्यापेक्षा उघडं भिजलेलं बरं, निथळून तरी जातं.

मुद्दा मिठाचा. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या खाली फारशी येतच नाही. म्हणजे पाऊस थांबला तरी मशीनवरचा खाऱ्या पाण्याचा थर ओलाच. आणि जिथे वीज आहे तिथे तो नुसता गंज चढवत नाही, धातू खातो. बॅटरीचे संपर्क, यूएसबीचं तोंड, बाहेरच्या वीजपुरवठ्याचा सॉकेट. दंडवाल्यांचा कोपरा बॅटरीपाशीच हिरवा झाला तो याचमुळे. बॅटरी आत ठेवून मशीन बंद केलं तरी संपर्कांवर व्होल्टेज असतंच. रात्री बॅटरी बाहेर काढून ठेवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय.

गच्चीवर किंवा होडीवर वेगळा अँटेना लावणाऱ्यांना जास्त त्रास, कारण त्या केबलमधून अँटेनातल्या अँप्लिफायरसाठी तीन ते पाच व्होल्ट सतत जात असतात. कनेक्टरात खारं पाणी शिरलं की मधली पिन काही महिन्यांत पोखरते. सेल्फ-फ्युजिंग टेप ताणून गुंडाळा, आणि केबल कनेक्टरात शिरण्याआधी तिला खाली झोळ ठेवा म्हणजे पाणी तिथून टपकेल.

देवगडचा_हौशी
माझा गच्चीवरचा बेस बघून लिहिताय की काय? 🙂 मी स्वस्तातला मार्ग धरला. यू-ब्लॉक्सचं झेडईडी-एफ९पी मॉड्यूल. दोन वारंवारतांचं, नखाएवढं, १७ बाय २२ मिमी. इलेक्ट्रिकचा पीव्हीसी डबा, केबल ग्लँड, आणि छतावर अँटेना. कलमांच्या ओळी आखायला आणि फवारणीच्या ड्रोनला वापरतो. लाखाच्या खूप आत काम झालं. एल१-एल२-एल५ तिन्ही पट्टे हवे असतील तर युनिकोरचं यूएम९८० आहे. माझं मत: रिसीव्हरचा मेंदू आता स्वस्त झालाय, महाग आहे तो डबा.

दंडवाला
हौशी भाऊ, मला ते पोलवर घेऊन खाजणातून चालायचंय. आणि मोजणीचा अहवाल गिऱ्हाईक बँकेत देतो. पीव्हीसीचा डबा बघून बँकवाला चहा पण देणार नाही.

देवगडचा_हौशी
चहा नको, हापूसची पेटी पाठवतो, मग बघा.

आंबेवाली
देवगडची पेटी म्हणजे वर देवगड, खाली कर्नाटक? (दिवा घ्या)

देवगडचा_हौशी
ताई, हा धागा उपग्रहांचा आहे, इथे कोणाच्या इज्जतीला हात घालू नका.

*(यापुढचे आंब्यावरचे प्रतिसाद ‘अवांतर’ धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)*

कातळवेडी
टिल्टबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी. कातळशिल्पांच्या नोंदीच्या कामात मदत करते, त्यामुळे रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) रोव्हर घेऊन फिरणं होतं. चिऱ्याच्या उभ्या कडेला, गडग्याच्या कोपऱ्याला, विहिरीच्या काठाला पोल सरळ उभा राहतच नाही. तिथे टिल्ट लागतेच. पण टिल्ट दोन प्रकारची असते. जुन्या रिसीव्हरमध्ये पोल कोणत्या दिशेला कललाय हे चुंबकीय होकायंत्राच्या सेन्सरवरून ठरवत. जांभा लोहाने भरलेला, शेजारी गाडी उभी, वर विजेची तार, की दिशा चुकलीच. राजापूर तालुक्यातलं देवाचे गोठणे ऐकलं असेल, तिथल्या शिल्पापाशी होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. असल्या जागी चुंबकावर चालणारी टिल्ट म्हणजे थट्टा. नवीन आयएमयू प्रकाराला चुंबक लागत नाही. त्यात त्वरणमापक आणि जायरो असतात, आणि चालताना उपग्रहावरून मिळणाऱ्या हालचालीशी ते ताडून दिशा काढतात. म्हणून सुरुवातीला चार पावलं चालावं लागतं किंवा पोल पुढे-मागे हलवावा लागतो. एका जागी फार वेळ स्तब्ध उभं राहिलं की तो विसरतो, पुन्हा हलवायचं.

विकत घेताना एक प्रयोग करा. एका खिळ्यावर पोलचं टोक ठेवा आणि चारही दिशांना तीस-तीस अंश कलवून रीडिंग घ्या. चारही उत्तरं दोन-तीन सेंटिमीटरच्या आत आली पाहिजेत. विक्रेता ‘करायची गरज नाही’ म्हणाला तर करायची गरज आहे.

गावठाण
+१. हे कोणी सांगत नाही.

नवखा_सर्व्हेअर
माफ करा, वेगळा प्रश्न. गणपतीपुळ्याला वाळूवर रोव्हर ठेवला तर उंची उणे साठ मीटरच्या पलीकडे दाखवतोय. मशीन पाण्याखाली गेलंय असं त्याला वाटतंय का? सेन्सर खराब?

मालवणी_खटखटे
तुजो जीपीएस पाणबुडीतसून काढलेलो दिसता.

खाडीकाठ
सेन्सर ठणठणीत आहे. उपग्रह रिसीव्हर उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. समुद्रसपाटी त्या लंबगोलावर बसत नाही, गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली असते. आपल्या भागात ती लंबगोलाच्या साठ मीटरहून खाली आहे, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर शंभर मीटरहून अधिक खाली, जगातला सगळ्यात मोठा खळगा. कंट्रोलरमध्ये जिऑइड मॉडेल लावलं की आकडा शून्याजवळ येईल. तरी बंदराचं किंवा गटाराचं काम असेल तर जवळच्या बेंचमार्कला (उंची ठरलेल्या खुणेला) बांधूनच घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी उंचीची पातळी १९०९ची, नऊ भरती-ओहोटी केंद्रांवर बसवलेली. त्यात मुंबई आणि कारवार होते, म्हणजे आपला किनारा दोन्हींच्या मध्येच.

नवखा_सर्व्हेअर
बापरे. धन्यवाद सर. गिऱ्हाइकाला रिपोर्ट पाठवायच्या आधी विचारलं ते बरं.

सुपारीबाज
आमच्याकडे प्रॉब्लेम डब्याचा नाही, बागेचा. सुपारीच्या वाडीत फिक्स (सेंटिमीटरची पक्की जागा) येतच नाही. आला तरी खोटा. पाऊस पडून गेल्यावर तर पूर्ण बोंब. ओली झावळं लहरी गिळतात. ‘आमच्या मशीनला हजार-बाराशे चॅनेल आहेत’ म्हणून विकतात, पण आकाशच दिसत नसेल तर चॅनेल घेऊन काय करू? निसर्ग वादळात (जून २०२०) बागा आडव्या झाल्या तेव्हा श्रीवर्धनला मोजणी एकदम सोपी झाली होती, पण तसं कोणाच्या बाबतीत होऊ नये.

खाडीकाठ
खोटा फिक्स पकडायचा उपाय: पॉइंट घेतल्यावर पोल उलटा करून सिग्नल तोडा, पुन्हा फिक्स घ्या, पुन्हा मोजा. आणि त्याच पॉइंटवर दोन-तीन तासांनी परत या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी येऊन फारसा उपयोग नाही, कारण जीपीएस उपग्रहांची मांडणी दररोज चार मिनिटं आधी जवळपास तशीच परत येते. म्हणजे तीच चूक पुन्हा मिळेल आणि तुम्हाला वाटेल पॉइंट पक्का झाला. बागेत खरं तर दोन पॉइंट बाहेर मोकळ्यावर घ्यायचे आणि आत टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) जायचं. त्याला पर्याय मला तरी दिसलेला नाही.

देशप्रेमी_दाभोळ
एवढं सगळं लिहिलंत, पण आपल्या देशी नाविक उपग्रहांचा उल्लेख नाही. लाज वाटली पाहिजे.

देवगडचा_हौशी
लाज कसली, माझं मॉड्यूल एल१-एल५ प्रकारचं, ते नाविक पकडतं म्हणून सांगतो. नाविक एल५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) आणि एस पट्ट्यावर चालतो. मे २०२३मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल१ पण आला, आणि त्यात देशी रुबिडियम घड्याळ आहे.  पण आरटीकेत नाविक उपयोगी पडायला बेसनेही त्याचं करेक्शन पाठवलं पाहिजे. बेस पाठवत नसेल तर रोव्हरच्या स्क्रीनवर नुसते तारे मोजत बसायचं. शिवाय पहिल्या मालिकेतल्या काही उपग्रहांची अणुघड्याळं बंद पडली, आयआरएनएसएस-१एची तर तिन्ही. म्हणून सध्या तो जोडीदार, मालक नव्हे.

देशप्रेमी_दाभोळ
ठीक आहे. माहितीबद्दल आभार.

पुणेकर_पण_नाइलाजाने
या संस्थळावर वाद तीन प्रतिसादांत मिटला. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

होडीवरचा
बंदरांच्या खोलीच्या मोजणीवर असतो. आमचं वेळापत्रक भरतीवर चालतं, त्यामुळे संध्याकाळी सात-आठला पण काम असतं. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्य मावळला की तासाभरात फिक्सचा फ्लोट (कच्ची जागा) होतो, उपग्रह एकेक करून सुटतात. आधी रेडिओ बदलला, मग केबल बदलली, शेवटी अँटेना बदलायला निघालो होतो. मशीनचा दोष नाहीच. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ, तिथे सूर्यास्तानंतर आयनमंडळात बुडबुडे उठतात आणि त्यातून येताना सिग्नल लुकलुकतो. मध्यरात्रीच्या आसपास शांत होतं. २०२४च्या सुमाराला सूर्याचं चक्र शिखरावर होतं, तेव्हा जास्त जाणवलं. तर दंडवाला, डेमो घ्यायचा तर दुपारीही घ्या आणि संध्याकाळीही. दुपारी सगळेच हिरो असतात.

दंडवाला
हे संध्याकाळचं माझ्याही लक्षात आलं होतं, पण मी समजत होतो टॉवरवर सीरियल बघणाऱ्यांची गर्दी होते म्हणून नेट जातं.

खाडीकाठ
नेटही जातंच! त्यावरून तुमचा तिसरा प्रश्न. कॉर्सवरून येणारं करेक्शन म्हणजे तासाला जेमतेम काही एमबी. डेटा कमी लागतो, पण अखंड लागतो. सड्यावर रेंज, खाली वाडीत उतरलं की शून्य, हे आपलं नेहमीचं. म्हणून मी तरी रेडिओ सोडणार नाही. बेस सड्यावर, रोव्हर खाली. यूएचएफ डोंगराच्या आडून थोडा वळसा घेतो, मोबाइलपेक्षा बरा पडतो. मात्र जास्त ताकदीच्या रेडिओला दिल्लीच्या डब्ल्यूपीसीचा (बिनतारी परवाने देणारं सरकारी खातं) परवाना लागतो, ते कागद विक्रेत्याकडून मागा. जुनं मशीन घेत असाल तर आतला मोडेम ४जी आहे का ते बघा. ३जीचे मोडेम आता शोभेचे.

एकाच दूरच्या स्टेशनवरून काम करत असाल तर १ पीपीएम विसरू नका. तीस किलोमीटरवर तोच तीन सेंटिमीटर होतो. पत्रकातला ८ मिमी हा बेसच्या सावलीतला आकडा.

नाना_मोजणीवाले
बेस सड्यावर ठेवून सगळे खाली वाडीत गेलात, तर बेस संध्याकाळी जागेवर असतो का रे?

खाडीकाठ
नाना, म्हणूनच एक पोरगा छत्रीखाली बसवावा लागतो. तो मोबाइल बघतो, बेस गुरं बघतात. एप्रिल-मेमध्ये वळवाचा गडगडाट ऐकू आला की मात्र बेस आणि पोरगा दोघांनाही खाली आणायचं. उघड्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुमची रेडिओची काठी असते.

आंबेवाली
अजून एक बिनडोक प्रश्न. त्या मुलांच्या मशीनचा रंग उडाला होता आणि तिथून पांढरी पावडर निघत होती. ते काय?

सोल्डरवाला_चिपळूण
बिनडोक अजिबात नाही, बहुतेक सर्व्हेअर हे बघत नाहीत. बऱ्याच रिसीव्हरचं खालचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. हलकं, मजबूत, पण खाऱ्या पाण्याचा शत्रू. रंगाखाली ते सुरक्षित असतं. ओरखडा गेला आणि शेजारी स्टीलचा स्क्रू असला की दोघांच्या मध्ये ओलाव्यातून प्रवाह सुरू होतो आणि मॅग्नेशियम मरतं. ती पांढरी पावडर म्हणजे तेच. ५/८ इंचाच्या पोलच्या आट्यापाशी तर हमखास, कारण तिथे पितळ किंवा स्टीलची बुश असते आणि तिथेच घासतं. ओरखडा दिसला की लगेच साफ करून बुजवायचा.

आंबेवाली
नेलपॉलिशने चालेल?

सोल्डरवाला_चिपळूण
तात्पुरतं उत्तम चालतं. पारदर्शक लावा. माझ्याकडे एक रिसीव्हर लाल ठिपक्यांचा आला होता, मालकाला काही बोललो नाही.

दंडवाला
मंडळी, आभारी आहे. आज रत्नागिरीत दोन ठिकाणी जाऊन आलो. एकाकडे पत्रकावर आयपी६८, पण झोताच्या चाचणीचं नाव नाही. मिठाच्या धुक्याबद्दल विचारलं तर त्याने तेच पत्रक पुन्हा व्हॉट्सॅप केलं. दुसऱ्याकडे आयपी६६/६७, चाचणीच्या पद्धतींची यादी दिली, त्यात ५०९ आहे. व्हेंट बॅटरीच्या कप्प्याच्या बाजूला, बाहेरून दिसतो, त्यावर स्टिकर नाही. ओ-रिंग वेगळी विकत मिळते, दर वर्षी बदला म्हणाला. बॅटरी दोन, एक काढली तरी चालू राहतो. खिळ्याचा प्रयोग त्याच्या दुकानासमोर फुटपाथवर केला. तीन दिशा छान, चौथीला साडेचार सेंटिमीटर. तो म्हणाला दुकानाच्या पत्र्यामुळे. पत्र्याचं परावर्तन होतं हे खरं, पण म्हणून उद्या भाट्याच्या किनाऱ्यावर मोकळ्यात पुन्हा करणार आहोत, दुपारी आणि दिवेलागणीनंतर.

रेडिओसकटच घेतोय. खाली वाडीत रेंजची खात्री मला तरी नाही.

कातळवेडी
किनाऱ्यावर ओल्या वाळूवरून परावर्तन येतं, त्यामुळे ओहोटीच्या वेळी कोरड्या वाळूत वरच्या बाजूला करा. आणि आधी पाच-दहा पावलं चाला, नाहीतर आयएमयू जागाच नसतो आणि दोष मशीनला जातो.

होडीवरचा
भाट्याला संध्याकाळी असेन, हाक मारा. माझाही रोव्हर आणतो, एकाच खिळ्यावर दोघांचं ताडून बघू.

दंडवाला
नक्की. सोल्डरवाले साहेब, जुन्या मशीनचं काय करू? डब्यात तांदळात पुरून ठेवलंय.

सोल्डरवाला_चिपळूण
तांदूळ बाहेर काढा, त्याची भुकटी कनेक्टरात जाते आणि मीठ तिथेच राहतं. बॅटरी अजून आत असेल तर आधी ती काढा, चालू करून बघू नका. मशीन पाठवा, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बघतो. उपग्रहाचा बोर्ड मधे असतो आणि त्यावर पत्र्याचं झाकण असतं, तो बहुतेक वाचतो. मोडेम आणि चार्जिंगचा भाग गेलेला असेल. वाचला तर तुमचा बेस तयार, त्याला कुठे चालायचंय. आणि पाठवताना तो वॉरंटीचा स्टिकर तसाच राहू द्या, मला त्याचा फोटो काढायचाय.